पेडलवरचे ठोकळे

मास्तरीणबाईंना पहिली शिसारी आली ती वासाची. मुलाने गॅरेजचं शटर वर ढकललं आणि आतून असा भपकारा आला की बाईंनी रुमाल नाकाला लावला.

"कसला रे हा वास?"

"जुन्या चामड्याचा," मुलगा म्हणाला. "बाटलीत मिळतो, सीटवर मारायचा. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

"सीट तर रेक्झिनच्या आहेत."

"म्हणून तर मारायचा."

आता यावर माणसाने बोलायचं काय? बाई बग्गी चालवायला आल्या होत्या, भांडायला नव्हे. पायात नाडीचे कापडी बूट होते, पर्समध्ये नवा करून घेतलेला परवाना होता. त्या परवान्यासाठी त्यांनी डोळे तपासून घेतले होते, रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि खिडकीतल्या पोराने "आजी, आता या वयात कशाला?" असं विचारल्यावर "तुझ्या वयाच्या पोरांना नीट चालवता येत नाही म्हणून," असं सांगून आल्या होत्या.

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे. जुन्या बुटक्या मोटारीचा सांगाडा घ्यायचा, मधून कापून आखूड करायचा, त्यावर फायबरची टबासारखी बॉडी बसवायची आणि जाडजूड टायर लावायचे. दारं नाहीत, छप्पर नाही, इंजिन मागे उघड्यावर. वाळूत पळायला केलेली गाडी ती. आणि ही बग्गी बाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केली होती. फायबरचं काम हाच त्यांचा धंदा. होड्या, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, काय म्हणाल ते करायचे. रात्रंदिवस अंगाला त्या काचेच्या धाग्यांची खाज आणि तोंडात एक चकार शब्द नाही, असा माणूस.

गाडी केली त्यांनी, पण चालवली बाईंनी. कारण सरळ होतं, नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. बाईंचा मोटार शिकवण्याचा क्लास होता आणि निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, तेव्हापासून त्या सगळ्यांच्या मास्तरीणबाई. डॉक्टर शिकले, भाजीवाले शिकले, एक नवरीमुलगी तर लग्नाच्या आदल्या दिवशी शिकून गेली. फक्त घरचा विद्यार्थी पास झाला नाही. क्लच दाबा म्हटलं की ब्रेक दाबायचे, आणि ब्रेक म्हटलं की डोळे मिटायचे.

त्यात आणखी एक गंमत झाली होती. बग्गीची सीट पाडताना फायबरवाल्यांनी माप घेतलं ते स्वतःचं. साच्यात स्वतः बसले, पाय लांब केले आणि तिथे पेडल लावली. ते ताडमाड उंच, बाई चणीने ठेंगण्या. गाडी तयार झाली, रंग झाला, बाई मोठ्या तोऱ्यात आत बसल्या आणि पाय हवेत. फायबरवाले डोकं खाजवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माझी, पाय तुझे." सीट एकसंध बॉडीत ओतलेली, ती सरकणार कुठून? त्यांनी संध्याकाळपर्यंत लाकडाचे तीन ठोकळे तासले आणि क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटरवर एकेक बोल्टने आवळून टाकला. तेव्हापासून ती गाडी बाईंच्याच मापाची झाली. नवरा शेजारी बसायचा, समोरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून. वाळूच्या उंचवट्यावरून गाडी उडाली की हा मुखदुर्बळ माणूस मोठमोठ्याने हसायचा. बाकी कुठेही तो असा हसलेला बाईंनी पाहिला नाही.

ते गेले. बग्गी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. मग एकदा मुलगा आला, ताडपत्रीचं टोक उचलून बघत म्हणाला, "आई, जुन्या गाड्यांना हल्ली फार मागणी आहे. मी हिला नवी कोरी करतो आणि विकतो." बाईंनी मोडता घातला नाही. त्यांना गाडीचं लोणचं घालायचं नव्हतं. त्यांनी एकच अट घातली. "वीक, पण विकण्याआधी एक फेरी मी मारणार. वाळूपर्यंत आणि परत. मग कागदावर सही." कागद बाईंच्याच नावावर होते.

"हो गं आई," मुलगा म्हणाला होता. पुढे जेव्हा जेव्हा त्यांनी विचारलं तेव्हा तेव्हा तो "हो गं आई"च म्हणाला. त्या एका फेरीवर बाईंनी फार दिवस काढले होते. त्यांना ते इंजिन एकदा पाठीमागे ऐकायचं होतं आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून एकदाच नीट रडायचं होतं. घरात त्यांना ते काही जमलं नव्हतं.

तर आता गॅरेजमध्ये ती बग्गी उभी होती. लालभडक, आत आरसे बसवल्यासारखी चकचकीत. बाई रुमाल नाकाला धरूनच तिच्याभोवती फिरल्या. मुलगा मागे मागे.

"स्टिअरिंगला काय झालंय? नवं दिसतंय, पण वरून सोललंय."

"पॉलिशपेपर मारला. वापरलेलं दिसायला लागतं गं. लोकांना जुनेपण हवं असतं."

"जुनंच होतं ते."

"ते फुटलेलं होतं. हे नवीन, पण जुनं दिसतं."

बाईंनी चाकावरून बोट फिरवलं. घासलं होतं ते बरोबर वरती, मध्यावर. "इथे धरणारा माझ्याकडे पहिल्या दिवशीच नापास झाला असता," त्या म्हणाल्या. मुलगा हसला. बाई हसल्या नाहीत.

"आणि आता जाहिरात ऐक," तो म्हणाला आणि मोबाइल काढून कौतुकाने वाचायला लागला. "‘एका प्रेमळ पतीने आपल्या लाजऱ्या पत्नीसाठी स्वहस्ते घडवलेली दुर्मीळ बग्गी. आयुष्यभर केवळ त्यांनीच चालवली. पत्नी शेजारी बसून भीतीने डोळे मिटून घेत असे. आज ते नाहीत. जड अंतःकरणाने विक्री.’"

"लाजरी कोण?" बाईंनी विचारलं.

"तू."

"मी?"

"आई, जाहिरात आहे ती, साक्ष नाही."

"तू मागच्या कट्ट्यावर बसायचास. ‘आई, अजून जोरात’ म्हणून माझे केस ओढायचास. तुला माहीत नाही कोण चालवायचं?"

"माहीत आहे ना," मुलगा जराही न लाजता म्हणाला. "पण बाई चालवायची म्हटलं की लोक पहिलं विचारतात, गिअर शाबूत आहेत ना. बाबांची गोष्ट खपते. आता गाडी घेणारा हॉटेलवाला येतोय, त्याच्यासमोर तू शेजारच्या सीटवर बस. थोडं त्यांच्याबद्दल बोल. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तमच."

ज्या क्लासच्या जिवावर हा पोरगा वाढला, ज्याच्या फीवर त्याचं शिक्षण झालं, तो त्या क्लासच्या मास्तरणीला सांगत होता की बाईच्या हातची गाडी खपत नाही. खोटं लोक बोलतात, त्याचं काही नाही. पण हा ते तोंड भरून बोलत होता आणि वर आपल्या मेलेल्या बापाला दलाल म्हणून उभा करत होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फेरी अजून व्हायची होती. फेरी झाली की जे बोलायचं ते बोलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

त्या वाकल्या आणि पेडलकडे बघितलं. तीनही पेडल उघडी, चमकणारी.

"ठोकळे कुठे आहेत?"

"कसले ठोकळे?"

"पेडलवरचे. माझे."

"ते लाकूड होय? काढून टाकलं. काळं पडलेलं, घाण दिसत होतं." मुलाने आठवायचा प्रयत्न केला. "घरात असेल कुठेतरी."

बाई गॅरेजच्या आतल्या दाराने घरात शिरल्या. सून मोरीत धुण्याच्या यंत्राशी उभी होती. यंत्र जुनं, एका बाजूला लचकलेलं.

"अगं, लाकडाचे तीन ठोकळे पाहिलेस का? हातभर नाहीत, एवढेएवढे. भोकं पाडलेले."

सुनेने खाली बघितलं आणि तिचा चेहरा पडला. ठोकळे यंत्राच्या पायाखाली होते. दोन एकावर एक आणि तिसरा बाजूला अटकाव म्हणून.

"आई, ह्यांनीच आणून लावले. मला खरंच माहीत नव्हतं कशाचे आहेत ते."

"तुला कसं माहीत असणार? ज्याला माहीत होतं त्यानेच लावले," बाई म्हणाल्या.

सुनेने यंत्र बंद केलं, एका बाजूने उचलून धरलं आणि बाईंनी ठोकळे ओढून काढले. ओले झाले होते, कडेला साबण चिकटला होता. सुनेने ते आपल्या ओढणीने पुसून दिले. बोल्ट काही सापडले नाहीत, म्हणून तिने सुतळी शोधून आणली. "घट्ट बांधा," एवढंच ती म्हणाली.

बाई गॅरेजमध्ये परत आल्या तेव्हा हॉटेलवाला येऊन पोचला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गोड आवाज, बोलताना सारखे हात जोडणारा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. अशी माणसं वाईट नसतातच, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

"आजी, तुमची गोष्ट वाचून आम्ही घरी सगळे रडलो," तो म्हणाला. "बसा ना तुमच्या जागेवर. एक फोटो घेतो."

"बसते," बाई म्हणाल्या आणि चालवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसल्या.

"आई, इकडे नाही, त्या बाजूला," मुलगा म्हणाला.

बाईंनी ऐकलं नाही. वाकून वाकून त्यांनी तीनही ठोकळे सुतळीने पेडलना बांधले. कंबर दुखली, धाप लागली, पण बांधले. मग पाय लांब केले. पाय पोचले. त्यांनी शेजारच्या सीटकडे मुद्दाम बघितलं नाही. ते वाळूत गेल्यावर बघायचं होतं.

"किल्ली," त्यांनी हात पुढे केला.

"आई, आत्ता नको. नंतर निवांत."

"किल्ली आण."

हॉटेलवाल्याला वाटलं गंमत चाललीये. "द्या ना साहेब, आजींना आवाज ऐकू द्या," तो म्हणाला आणि मुलाच्या हातातली किल्ली घेऊन त्यानेच डॅशबोर्डवर लावून फिरवली.

आवाज झाला. घर्र करून इंजिनाने जीव धरला, थोडं खोकलं, मग लयीत चालू झालं. हॉटेलवाला टाळी वाजवून म्हणाला, "काय खर्ज आहे."

मास्तरीणबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. आवाज तसाच राहिला. सोडला, तरी तसाच. पुन्हा खोकल्याचा आवाज आला, आधी आला होता अगदी तसाच आणि तितकाच. बाईंनी सीटवर हात टेकला. सीट स्तब्ध होती. स्टिअरिंग स्तब्ध होतं, समोरची दांडी स्तब्ध होती. पूर्वी ही गाडी उभ्या जागी अशी थरथरायची की फायबरवाल्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा.

बाई उतरल्या, मागे गेल्या. चकचकीत नळ्या, चकचकीत झाकण, सगळं कसं नवरीसारखं सजवलेलं. त्यांनी झाकण उचललं. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तसलंच. आत एक काळा डबा होता, त्यावर हिरवा दिवा, आणि डब्यातून खोकल्याचा आवाज येत होता. बाकी काही नव्हतं. पलीकडची जमीन दिसत होती.

"इंजिन कुठे आहे?"

मुलगा आधी हॉटेलवाल्याकडे बघायला लागला, मग जमिनीकडे. उत्तर दिलं ते हॉटेलवाल्याने, आणि अगदी मनापासून. "मला इंजिन नकोच होतं, आजी. तेल गळतं, फरशी खराब होते. हॉटेलात दाराशी ठेवणार. मुलं बसतील, किल्ली फिरवतील, आवाज येईल, फोटो काढतील. यांनी सांगितलं की आधीपासूनच नाहीये, म्हटलं दुधात साखर."

"आधीपासून म्हणजे कधीपासून?" बाईंनी मुलाला विचारलं.

"अगं, काम सुरू केलं तेव्हाच दिलं एकाला. रंगाचा खर्च निघायला नको? एवढं कुठून घालू मी खिशातलं?"

"आणि मी फेरीचं विचारत होते तेव्हा?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून हो म्हणालास."

"मला वाटलं, रंगवलेली गाडी बघून तू खूश होशील. फेरी विसरशील. आणि खरं सांगू, या वयात वाळूत गाडी घालणार होतीस तू? मी तुझ्या काळजीनेच..."

"काळजीचं नाव काढू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला तुझी किळस येते आहे. आपल्या पोटच्या पोराची किळस यावी अशी वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण येते आहे, आणि ती मी लपवणार नाही."

डबा खोकत होता. तो बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी बाईंनीच जाऊन किल्ली उलटी फिरवली आणि वाकून सुतळ्या सोडायला लागल्या. सोडता सोडता त्यांनी हॉटेलवाल्याला सगळं सांगितलं. निदान त्याच्या दाराशी खोटा बोर्ड तरी लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. गाडी मी चालवायचे. हे शेजारी बसायचे. डोळे तेच मिटायचे. सीट चुकून त्यांच्या मापाची झाली, म्हणून त्यांनी मला हे ठोकळे करून दिले. लाजरी वगैरे मी कधी नव्हते.

हॉटेलवाला ऐकत राहिला, आणि बोलता बोलता बाईंना त्याचे डोळे चमकायला लागलेले दिसले. तिथेच त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

"आजी, हे तर त्याहून भारी आहे," तो म्हणाला. "काय गोष्ट आहे. नवऱ्याने बायकोच्या पायांसाठी ठोकळे केले. लोक रांगा लावतील. बोर्ड बदलून टाकू. आणि हे ठोकळे पण द्या, काचेच्या पेटीत ठेवू, वर दिवा सोडू."

मुलाने मान वर केली. इतका वेळ जमिनीत घुसायला निघालेला तो मुलगा एकदम ताठ झाला. "ठोकळे त्या भावात नाहीत," तो म्हणाला. "त्यांचं आपण वेगळं बोलू."

खोट्याचा बाजार बाईंनी एकवेळ सहन केला असता. पण त्यांनी खरं बोलून दाखवलं, तर त्याचाही पाच मिनिटांत भाव ठरायला लागला होता. त्यांनी ठोकळे छातीशी धरले.

"सही?" मुलगा हळूच म्हणाला. कागद त्याने आधीच बॉनेटवर पसरून ठेवले होते, वर पेन.

"सही मी गाडीवर देणार होते. गाडी कुठे आहे?"

"आई, मी यांना शब्द दिलाय."

"शब्द तू मलाही दिला होतास."

हॉटेलवाल्याने घसा खाकरला, हात जोडले आणि घरचं घरात ठरवा, मग कळवा, असं म्हणून तो निघून गेला. जाताना त्याने बग्गीचा आणखी एक फोटो काढून घेतला.

बाई आत गेल्या. मोरीतून धडाधड आवाज येत होता. सुनेने यंत्र पुन्हा लावलं होतं, पण पायाखाली ठोकळे नसल्यामुळे ते फरशीवर नाचत होतं आणि ती बिचारी दोन्ही हातांनी त्याला दाबून उभी होती. गॅरेजमधलं सगळं तिला ऐकू आलं असणार.

"बंद कर जरा," बाई म्हणाल्या. "आणि उचल."

"आई, नको. ते तुमचे आहेत. घरी न्या."

"घरी नेऊन काय करू? कपाटात ठेवू आणि पाहुण्यांना दाखवू? हॉटेलवालाही तेच करणार होता." त्या गुडघ्यांवर बसल्या. "तुझ्या सासऱ्यांनी ते पायाखाली घालायला केले होते. उचल."

सुनेने यंत्र उचललं. बाईंनी दोन ठोकळे एकावर एक सारले, तिसरा बाजूला घट्ट ठोकून बसवला आणि पंजाने दाबून बघितला, नवीन विद्यार्थ्याला क्लच दाखवताना दाबायच्या तसा. सुनेने बटण दाबलं. यंत्र फिरायला लागलं आणि जागचं हललं नाही.

मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल होता. त्याने बाईंकडे बघितलं नाही, यंत्राच्या पायाशी बघितलं.

"आई, ठीक आहे, विकायचे नाहीत तर नाहीत. पण एक फोटो तरी काढू दे. फक्त फोटो."

बाई फरशीला हात टेकून उठत होत्या. उत्तर सुनेनेच दिलं. "मशीन चालू आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "मध्ये काढता येणार नाहीत."

"संपल्यावर?"

सुनेने कोपऱ्यातला कपड्यांचा ढीग पायाने पुढे ओढला आणि म्हणाली, "आज संपणार नाही." बाईंनी वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि बस पकडायला निघाल्या.